नव्या गाण्यातली हाक

मला जुनी गाणी ऐकवू नका. लग्नात, बसमध्ये, कुणाच्या रिंगटोनला, कुठेही जुनं गाणं लागलं की माझं डोकं फिरतं. लोकांना वाटतं, बाईचे नखरे फार. वाटू दे. माझा धाकटा भाऊ गाण्यांचा वेडा होता. बोटीवरच्या स्पीकरवर काय लागणार हे तोच ठरवायचा, आणि आमच्या लहानपणापासूनचं एक गाणं म्हणून त्याने माझ्यासाठी मोकळं ठेवलेलं नाही. सगळ्यांत हा आपला ठाण मांडून बसलेला. एके दिवशी बोट मासळी घेऊन परत आली आणि तो आला नाही. पाण्यात पडला असावा, असं बरोबरचे खलाशी म्हणाले. सगळ्यांनी शोधलं, सापडला नाही. तेव्हापासून मी फक्त नवी गाणी ऐकते, आणि तीसुद्धा ज्यांना काळं कुत्रं विचारत नाही अशा पोरापोरींची. तिथे तरी हा भेटायचा नाही, एवढाच विचार.

तारापूरच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या लॅबमध्ये मी नोकरी करते. बोईसरला स्टेशनबाहेर कंपनीची बस पकडली की कानात इअरफोन. शोधायची माझी पद्धत सोपी आहे. ज्याला कुणी ऐकत नाही असा एक गायक धरायचा, तो स्वतः कुणाकुणाची गाणी ऐकतो ते बघायचं, मग त्यांच्या दारात जायचं, तिथून पुढच्या. अशी मला वाड्याकडची एक पोरगी मिळाली, जी डासांवर गाणं करते आणि ते ऐकून अंगाला खाज सुटते. दोघे भाऊ मिळाले, गच्चीवर उभे राहून वीज गेल्याबद्दल शिव्या घालतात, पण तालात. डहाणूची एक नर्स आहे, जेवणाच्या सुट्टीत चाली लावते. प्रत्येकाला मी लिहून कळवते. "दुसरं कडवं ओढलंयस", "बासरी काढ, कोंबडं ओरडल्यासारखी वाटते." बसमधल्या बायका विचारतात, "मॅडम, आज कोणता बेकार पकडलात?" मी म्हणते, बेकार असतील, पण माझे आहेत.

ते गाणंही असंच मिळालं. दिवस थंडीचे होते, कंपनीची बस बोईसरच्या बाजारातून रखडत चालली होती. गायकाचं खरं नाव नव्हतं, चित्राच्या जागी नुसता एक काळा चौकोन. सुरुवातीला यंत्रमागाचा खटखटाट, त्यात हळूहळू एक ढोलासारखा ठोका मिसळत गेलेला. बरं वाटलं. पोराला कान आहेत, असं म्हणून मी आवाज वाढवला. आणि त्या खटखटाटातून एका म्हातारीचा आवाज वर आला. लांबून, कुणीतरी विहिरीच्या तळाशी बसून गावं तसा. तो आवाज मी लगेच ओळखला, कारण माझ्या स्वतःच्या लग्नात तो दोन दिवस माझ्या कानाशी होता. मुरब्याची, आमच्या गावची धवलारीण. ती एक नाव घेत होती. थांबत होती. परत तेच नाव घेत होती. माझ्या भावाचं.

ते नाव मी इथे लिहिणार नाही. आधीच त्याला फार हाका मारून झाल्यात.

धवलारीण म्हणजे लग्नाची गाणी गाणारी बाई. आमच्या कोळ्यांच्या घरी लग्नाच्या आदल्या दिवशी ती मांडवात बसते आणि आधी गावच्या देवांना, मग घरातल्या गेलेल्या माणसांना नाव घेऊन बोलावते. या, मांडवात बसा, पोरीचं लगीन बघा, जेवा. प्रत्येक नावाला घरातली एक बाई त्या माणसाच्या वतीने ओ देते, "आलो गे." लग्न उरकून मांडव उतरला की तीच धवलारीण बोळवण गाते, आणि ज्या बाईने ज्याच्या नावाची ओ दिली असेल तिने त्याला "जा" म्हणायचं. हा शब्द एरवी आमच्यात उच्चारत नाहीत. माणूस बाजारात निघाला तरी त्याला "ये" म्हणतात, मग समुद्रावर निघालेल्याला "जा" कोण म्हणेल? तो शब्द फक्त मेलेल्यांसाठी ठेवलेला आहे.

आता माझा भाऊ मेलेल्यांत मोजलाच गेला नव्हता. आईने मोजू दिलं नव्हतं. दहावं नाही, बारावं नाही, फोटोला हार नाही. कुणी विषय काढला तर, "सापडला नाय म्हंजे हाय कुठंतरी," एवढं बोलून ती बोंबील उलटायला निघून जायची. मी तिच्यापुढे हात टेकले होते. आणि इथे अख्ख्या जगाला ऐकू जाईल अशा गाण्यात गावची धवलारीण त्याला मेलेल्यांच्या रांगेतून हाक मारत होती. हे आईच्या कानावर पडलं तर ती उभी कोसळेल, याबद्दल मला तिळमात्र शंका नव्हती. त्या दिवशी लॅबमध्ये माझं एकही काम धड झालं नाही.

गाणं करणाऱ्याला मी संदेश पाठवला. चार शिव्या लिहिल्या, पुसल्या, मग साधं लिहिलं की मला भेटायचंय. "आ जाओ दीदी, कल छुट्टी है," असं उत्तर आलं, सोबत हसरा चेहरा. बिचाऱ्याला वाटलं, चाहती आहे.

कामगारांच्या भाड्याच्या खोल्यांच्या एका रांगेत त्याची खोली होती. दुपारचं ऊन पत्र्यावर तापलेलं, आत पंखा, गादी, जुना लॅपटॉप आणि दोरीवर वाळत घातलेला कंपनीचा गणवेश. मुलगा पंचविशीचा असेल. यंत्रमागावर कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी लग्नांत स्पीकर लावायला जाणारा. आईबाप उत्तरेतून आलेले, हा वाढला बोईसरला. बाजारातली मराठी त्याला येत होती, आमच्या किनाऱ्याची बोली काही कळत नव्हती.

"ही बाई कुठे मिळाली तुला?" मी दारातूनच विचारलं.

"मुरबे में शादी थी दीदी. आम्ही स्पीकर लावत होतो. अम्मा गात होती, मैंने माइक लगा दिया. काय आवाज आहे!"

ते लग्न माझ्या काकाच्या मुलीचं, काही महिन्यांपूर्वीचं. मी तिथे होते, पण मांडवाबाहेर पाहुण्यांना चहा देत फिरत होते. "आणि हे एकच नाव का घेतलंस? सारखं सारखं?"

"नाव आहे?" त्याचा चेहरा उतरला. "मला वाटलं, गाण्याचे बोल आहेत. सबसे सुंदर वही लगा. तिथे अम्माचा आवाज थोडा कापतो ना, म्हणून."

नाव कुणाचं आहे ते मी सांगितलं. तो उठून उभा राहिला, पुन्हा बसला, कान पकडले. आत्ताच्या आत्ता गाणं काढून टाकतो म्हणाला. मी म्हटलं, आधी मला पूर्ण रेकॉर्डिंग ऐकव. गाण्यातलं नको, मांडवातलं.

त्याने पंखा बंद केला. लॅपटॉपमधून आमचा मांडव ऐकू यायला लागला, भांड्यांचा आवाज, बायकांची कुजबुज, कुणाचं तरी रडकं पोर. धवलारीण आजोबांना बोलावत होती, काकू ओ देत होती. माझ्या वडिलांचं नाव आलं, ते जाऊन बरीच वर्षं झाली, त्यांच्या नावाला आत्याने ओ दिली. मग धवलारीण थांबली. भांडी थांबली, कुजबुज थांबली, ते पोरसुद्धा गप्प झालं. कापऱ्या आवाजात तिने भावाचं नाव घेतलं, आणि माइकच्या अगदी जवळून कुणीतरी खालच्या पट्टीत म्हणालं, "आलो गे."

माझी आई.

मुलगा विचारत होता, काय झालं दीदी, पानी दूँ? मी त्याला म्हटलं, बंद कर ते.

त्याने गाणं काढलं. पण तोवर ते सुटलं होतं. कुणी ते उतरवून ठेवलं, कुणी त्यावर नाचाचे व्हिडिओ केले, आणि ज्या गाण्याला कुत्रं विचारत नव्हतं ते बघता बघता बोईसरच्या रिक्षांत वाजायला लागलं. इतर वेळी मी पेढे वाटले असते. आता स्टेशनबाहेर रिक्षांची रांग लागली की तिच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत माझ्या भावाला हाका चालू. एकीत सुरू होऊन दुसरीत पोचेपर्यंत पहिलीत पुन्हा सुरू. लॅबच्या कँटीनमध्ये एक पोरगी नळाखाली डबा धूत होती आणि गुणगुणत होती. तिने नाव घेतलं आणि थांबली, धवलारीण थांबते तेवढाच वेळ. मी तिच्या मागेच उभी होते. पोरीने मागे वळून पाहिलं, माझ्याकडे नाही, माझ्या शेजारी. मग म्हणाली, "मॅडम, तुमच्याबरोबर कुणी होतं ना आत्ता?" मी म्हटलं, भांडी घास गपचूप.

मुरब्याला जायचं मी टाळत होते. उद्या, परवा. शेवटी आईचाच फोन आला, "घरी ये." तेवढंच.

गेले तर ती मागच्या, समुद्राकडच्या पडवीत बसली होती. बाहेर बांबूंच्या वलांड्यांवर बोंबील वाळत होते, वारा पडलेला, एक बोंबील हलत नव्हता. भरतीचं पाणी आमच्या दारापर्यंत कधी येत नाही, पण उंबरा ओला होता. नुकताच कुणी पाय देऊन आत गेल्यासारखा. मी खांबाला टेकून खाली बसणार इतक्यात आई म्हणाली, "तिथं नको बसू."

"का?"

"नको म्हनते ना. हिकडं ये."

मी उठले. त्या खांबापाशी जमीन गार होती, एवढं माझ्या हाताला लागलं.

"ते गाणं..." मी सुरुवात केली.

"ऐकलं मी. बोटीवर लावतात पोरं. किनाऱ्याला लागेपर्यंत त्याला बोलावत येतात."

ती कोसळली नव्हती. बोंबील निवडत होती. मग मला राहवेना. "आये, लग्नात त्याच्या नावाला ओ तू दिलीस?"

"मग कोन देनार? तू चहा वाटत फिरत होतीस."

"म्हणजे तू मानलंस? तो गेला म्हणून?"

तेव्हा तिने हातातला बोंबील खाली टाकला. "मानायचं काय त्यात? घरात लगीन. आज्याला बोलावलं, तुझ्या बापाला बोलावलं, सगळे मांडवात येऊन जेवनार, आनि माझ्या पोराला एकट्याला भायेर उभा ठेवू? उपाशी? मीच सांगितलं धवलारनीला, त्याला पन घे."

"आणि बोळवण?"

"बाकीच्यांची केली. त्याची नाय करू दिली." ती त्या खांबाकडे बघून बोलली. "नुकताच तर आला होता."

मी विज्ञान शिकलेली बाई. असं काही नसतं, हे वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. पण ती खरं बोलत असली तर, या भीतीने माझ्या तोंडाला कुलूप लागलं. आणि खरं सांगायचं तर भीतीच्या मागे आणखी एक गोष्ट होती. मला मत्सर वाटला. इतके महिने तो इथे होता आणि हिने मला सांगितलं नाही.

"पन आता त्याचं हाल बघवत नाय," आई म्हणाली. तिचे डोळे भरले होते. "सुकानं बसला होता. आता हे गानं. हिकडनं कोन बोलावतो, तिकडनं कोन. जरा टेकतो की उठतो. कुठं कुठं म्हनून जाईल तो? गेल्याला एकदा बोलवायचं असतं गे. हे तर कुत्र्याला बोलावल्यासारखं. त्याला सुटू दे आता. त्या गानंवाल्याला बोलव."

"त्याने गाणं काढून टाकलंय."

"काढून काय होतंय? हाक गेली ती गेली. बोळवन पन जाऊ दे तिच्या मागनं. जिथं जिथं हाक गेली तिथं तिथं."

मुलगा दुसऱ्याच दिवशी आला, पाठीला पिशवी, चेहरा परीक्षेला बसल्यासारखा. आईच्या पाया पडला. आईने त्याला भाकरी आणि सुकटीची चटणी वाढली, आणि ताट रिकामं होईपर्यंत समोर बसून राहिली. मग आम्ही निघालो. धवलारणीला दोन्ही बाजूंनी धरून सुरूच्या झाडांतून वाळूवर आणलं. तिला आता कमी दिसतं, ऐकूही कमी येतं. आईने कानाशी ओरडून सांगितलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "तवाच म्हनलं होतं मी, बोळवन करा."

दुपार कलत होती, ओहोटी लागली होती. बोटी लांब, किनारा मोकळा. पाणी मागे जात होतं, नेहमीपेक्षा फार हळू आवाज करत. मुलाने माइक धरला, मोठे हेडफोन कानांवर चढवले. धवलारणीने गायला सुरुवात केली. या आवाजात आता काही गोड नव्हतं. भरल्या पोटी निघा, मागे बघू नका, मांडव उतरला, वाट उजळ आहे. वाळूवर आमच्या चौघांच्या सावल्या पडल्या होत्या. त्या मोजायचा मोह झाला आणि मी समुद्राकडे तोंड केलं.

तिने भावाचं नाव घेतलं आणि थांबली. आता आईने "जा" म्हणायचं होतं.

आईने तोंड उघडलं. काही निघालं नाही. धवलारणीने पुन्हा नाव घेतलं. आई माझा दंड धरून उभी, नखं रुतत होती. मला तिची इतकी कीव आली, आणि इतका राग आला, तिचा, त्याचा, त्या मेल्या समुद्राचा.

"बोल गे," म्हातारी म्हणाली. "ओहोटी थांबायची नाय."

आईने नुसती नाही म्हणून मान हलवली.

म्हणून मी म्हटलं. "जा रे." आवाज माझा मलाच ओळखू आला नाही. "जा आता. खूप झालं. जा."

धवलारणीने आईकडे तोंड वळवलं. ओ देणारी एक आणि निरोप देणारी दुसरी, असं आमच्यात कधी झालेलं नाही. आईने माझा दंड सोडला. मग म्हणाली, "चालंल. आई जा म्हनली तर कोनता पोर खरं मानतो? बहिनीचं मानंल." म्हातारीने शेवटची ओळ गायली आणि वाळूवर बसली.

मुलगा मात्र जागचा हलला नव्हता. माइक तसाच हातात, हेडफोन कानांवर, नजर पाण्यावर. मी हाक मारली तेव्हा त्याने दचकून हेडफोन काढले.

"ऐकव," आई त्याला म्हणाली.

त्याने हेडफोन तिच्या पांढऱ्या केसांवरून नीट बसवले आणि बटण दाबलं. आई खाली बघून ऐकत होती. मग तिने दोन्ही तळवे कानांवर घट्ट दाबले, आणि तिचा चेहरा असा उजळला की मला बघवेना.

"बोलला," ती म्हणाली. "येतो म्हनला."

मी तिच्या डोक्यावरून हेडफोन अक्षरशः ओरबाडले. मुलाला म्हटलं, मागे घे, परत लाव. वारा होता. धवलारणीचा आवाज होता. मग मी, "जा रे, जा आता, खूप झालं, जा." त्यानंतर पाणी. नुसतं पाणी. पुन्हा लावायला सांगितलं, आवाज पूर्ण वाढवला, डोळे मिटले. जा म्हणणारी मी होते, मग उत्तर मला यायला नको का? पाणी, पाणी, आणि आईच्या बांगड्यांचा किंचित आवाज. मुलाकडे पाहिलं तर त्याने नजर खाली घातली.

"ऐकलंस ना?" आई विचारत होती. ती रडत होती आणि हसत होती, माझी हनुवटी धरून. "त्याचाच ना गे? ऐकलंस ना तू?"

"ऐकलं," मी म्हटलं. "त्याचाच."